हनोईहून सायगॉनला जायला किती वेळ लागतो

हनोईचं रेल्वे स्टेशन समोरच्या फुटपाथवर उभं राहून बघावं. दोन्ही बाजूंच्या इमारती फ्रेंचांच्या काळातल्या, १९०२ सालच्या. पिवळा गिलावा, उंच खिडक्या, उतरतं छप्पर. मधला भाग मात्र सरळसोट काँक्रीटचा आहे, त्याला नक्षी नाही की कमान नाही. डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकन बॉम्ब पडले आणि मधली इमारत गेली. १९७६ साली तिथं जे परवडलं ते उभं केलं. पुढे पैसा आल्यावरही कुणी ते पाडून जुन्यासारखं केलं नाही, हे मला फार आवडलं. आपल्यावर काय गुजरलं ते ही इमारत तोंडावरच घेऊन उभी आहे.

इथून निघालेला लोहमार्ग १७२६ किलोमीटर दक्षिणेला सायगॉनला संपतो. त्या शहराचं सरकारी नाव १९७६ पासून हो ची मिन्ह सिटी असलं तरी स्टेशनच्या पाटीवर सायगॉनच आहे आणि लोकांच्या तोंडीही तेच. विमानानं हे अंतर दोन तासांचं. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या हवाई मार्गांमध्ये हा एक. गाडीला मात्र बत्तीस ते पस्तीस तास लागतात. आपल्याकडे मुंबईहून दिल्लीचे चौदाशे किलोमीटर राजधानी एका रात्रीत कापते, तेव्हा पस्तीस तास ऐकून भुवया उंचावतात. पण हा मार्ग मीटरगेज आहे आणि बहुतेक ठिकाणी एकेरी. मनमाड-काचीगुडा मीटरगेजवरून ज्यांनी प्रवास केलाय त्यांना या गाडीची चाल लगेच ओळखीची वाटेल. समोरून येणाऱ्या गाडीसाठी एखाद्या लहानशा स्टेशनात थांबून राहायचं, तिला जाऊ द्यायचं, मग आपण निघायचं.

मला हे अंतर जमिनीवरूनच बघायचं होतं. दोन शहरं एका देशातली, भाषा एक, झेंडा एक, आणि तरी हनोईच्या माणसाला सायगॉनचं आणि सायगॉनच्या माणसाला हनोईचं सगळंच थोडं वेगळं वाटतं. ही वेगळेपणाची वाट नेमकी कुठे कुठे वळते ते खिडकीतून दिसेल, असं वाटत होतं.

गाडी संध्याकाळची होती, म्हणून दिवस जुन्या पेठेत काढला. इथे एकेका गल्लीला एकेका मालाचं नाव आहे. चांदीची गल्ली, कागदी वस्तूंची गल्ली, पत्र्याची गल्ली. पुण्याच्या तांबट आळीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पत्र्याच्या गल्लीत अजूनही हातोडीचे ठोके ऐकू येतात. फुटपाथवर गुडघ्याएवढी प्लॅस्टिकची स्टुलं मांडलेली आणि त्यांवर बँकेतला साहेब, रिक्षावाला, शाळकरी मुलगी अशी सगळी एकाच उंचीवर बसून बर्फ घातलेला फिका चहा पितात. आपल्याकडे टपरीवर उभं राहून चहा मारायचा आणि निघायचं. इथे बसायचं असतं. बसलं की शेजारचा माणूस बोलायला लागतो.

सकाळी फो खाल्लं. हनोईचं फो म्हणजे स्वच्छ, निवळ रस्सा, त्यात तांदळाच्या पांढऱ्या पट्ट्या, मांसाचे पातळ काप, वर कांद्याची पात. टेबलावर लसूण घातलेला व्हिनेगर आणि मिरची, बस्स. बाईंनी वाडगं समोर ठेवलं ते दोन्ही हातांनी. मी मिरचीकडे हात नेला तर तिनं खुणेनं थांबवलं आणि आधी नुसता रस्सा चाखायला लावला. हाडं रात्रभर शिजवलेल्या त्या रश्श्यात दालचिनी आणि चक्रीफूल होतं, पण दोन्ही एवढ्या बेतानं, की नाव घेता यावं आणि बोट ठेवता येऊ नये. हनोईचा सगळा स्वभाव मला त्या वाडग्यात दिसला. जास्तीचं काही घालायचं नाही.

डब्यात माझ्यासमोरच्या बाकावर एक आजी आणि तिची कॉलेजात शिकणारी नात. आजींनी आधी चपला काढून बाकाखाली सरळ रेषेत लावल्या, माझ्याही त्यांच्याशेजारी लावल्या आणि पहिला प्रश्न विचारला: वय काय? व्हिएतनाममध्ये हा प्रश्न कुणी कुणालाही विचारतं आणि त्यात आगाऊपणा नसतो. समोरच्याचं वय कळल्याशिवाय त्याला हाक कशी मारायची तेच ठरत नाही. माझं वय ऐकून आजींनी मला भाचीच्या पायरीवर बसवलं आणि तिथून पुढे आमचं नातं पक्कं झालं. आपणही परक्या बाईला मावशी म्हणतो, पण वय अंदाजानं धरतो. इथे अंदाजाचं काम नाही.

आजी सायगॉनला थोरल्या बहिणीकडे निघाल्या होत्या. मांडीवर एक पुडकं, कमळाच्या पानात बांधलेलं, भाताच्या काडीनं आवळलेलं. गाडी सुटल्यावर त्यांनी ते उघडून दाखवलं. आत कोम. पिकायच्या आधी, दाण्यात दूध असतानाच कापलेला चिकट भात भाजून, कांडून, पाखडून केलेले हिरवट, मऊ, पातळ पोहे. हुरड्याचा कोवळेपणा आणि पोह्यांचं रूप एकत्र आलं तर जे होईल ते हे. हनोईजवळच्या, आता शहरातच आलेल्या व्होंग गावचे कोम नावाजलेले, आणि ते शरद ऋतूतच मिळतात. आतलं पान अळूच्या जातीचं होतं, ओल धरून ठेवायला. बाहेरचं कमळाचं, वासासाठी. आजींनी चिमूटभर माझ्या तळव्यावर ठेवले. घास भरायचा नाही, चिमटीनं थोडे थोडे खायचे, हे नातीनं सांगितलं. दुधाचा, गवताचा आणि कमळाचा वास एकदमच आला.

कोम फार टिकत नाहीत. दुसऱ्या दिवशी कडक व्हायला लागतात. म्हणून नात आजीला म्हणत होती, विमानानं गेलो असतो तर मावशीआजीला सकाळचे कोम दुपारी मिळाले असते. आजींनी मान हलवली. त्या पहिल्यांदा बहिणीकडे गेल्या त्या गाडीनंच, आणि तेव्हापासून गाडीनंच जातात.

ती हकीकत त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितली, नात ती इंग्रजीत करून मला देत होती. १९५४ साली जिनिव्हाच्या करारानं देशाचे दोन भाग झाले. माणसांना हवं त्या बाजूला जायला तीनशे दिवसांची मुदत होती. उत्तरेतून आठ लाखांहून अधिक माणसं दक्षिणेला गेली, त्यांत कॅथलिक कुटुंबं पुष्कळ. आजींची मावशी अशाच घरात दिलेली. तिला मूल नव्हतं. थोरली तिची फार लाडकी, म्हणून तिनं थोरलीला बरोबर नेलं. हाय फोंगच्या बंदरातून बोटीनं. दोन वर्षांत निवडणुका होतील, देश एक होईल, पोरगी परत येईल, असं सगळेच धरून चालले होते. निवडणुका झाल्याच नाहीत. आजी तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. थोरलीची वेणी तेवढी त्यांच्या लक्षात राहिली होती, चेहरा नाही.

रात्री गाडी सरळ दक्षिणेला धावत होती. मधे एकदा जाग आली तेव्हा कुठल्याशा स्टेशनात एक बाई मक्याची उकडलेली कणसं घेऊन फलाटावर बसली होती, आणि कंडक्टर मुलगी डब्याच्या टोकाच्या टाकीतून गरम पाणी घेऊन कुणाच्या तरी शेवयांच्या डब्यात ओतत होती. हे गरम पाणी म्हणजे या गाडीचा खरा अन्नदाता. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडेही शेवयांचा एक कागदी डबा असतोच.

व्हिएतनामी माणसं आपल्या देशाला कावड म्हणतात. खांद्यावर बांबू, दोन टोकांना भाताच्या दोन टोपल्या. वरची टोपली तांबड्या नदीचं खोरं, खालची मेकाँगचं. आम्ही पहाटे बांबूच्या सर्वांत बारीक भागावरून चाललो होतो. डोंग होईच्या आसपास समुद्रापासून लाओसच्या सरहद्दीपर्यंत जमीन जेमतेम पन्नास किलोमीटर. एका खिडकीत डोंगर, दुसऱ्या खिडकीत वाळूच्या टेकड्या, मधे शेताची पट्टी आणि त्या पट्टीत थडगी. इथे पूर्वजांना शेतातच पुरतात. नांगर थडग्याला वळसा घालून जातो.

उजाडता उजाडता बेन हाय नदी आली. आजी उठून बसल्या होत्या. नदी लहान आहे. कोकणातल्या कुठल्याही खाडीपुढे ती ओढ्यासारखी वाटावी. पण १९५४ नंतर हीच सरहद्द होती, सतराव्या अक्षांशाची. आमची गाडी रेल्वेच्या पुलावरून गेली. तो प्रसिद्ध हिएन लुओंगचा पूल खाली, नदीच्या मुखाकडे. १७८ मीटर लांबीचा तो पूल मधोमध वाटून घेतलेला होता. सांगतात की दक्षिणेनं आपला अर्धा भाग एका रंगात रंगवला की उत्तरेचे लोक आपलाही अर्धा त्याच रंगात रंगवायचे, पूल एकच दिसावा म्हणून. मग दक्षिणेचे लोक रंग बदलायचे. उत्तरेचे पुन्हा डबे घेऊन बसायचे. आता त्यावर निळा आणि पिवळा असे दोन रंग मुद्दाम ठेवलेत.

या नदीवर येऊन थांबलं की अंतर मोजायच्या सगळ्या रीती मोडतात. हा लोहमार्ग फ्रेंचांनी तुकड्यातुकड्यानं बांधत १९३६ साली पुरा केला. तेव्हा हनोईहून सायगॉनला दीड-दोन दिवसांत जाता यायचं. पुढे फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत मार्ग जागोजागी उखडला गेला आणि १९५४ नंतर तर या पाण्यावर तो संपलाच. दोन्ही शहरं होती तिथंच होती. किलोमीटर एकानंही वाढले नव्हते. पण एका आईला आपल्या मुलीपर्यंत जायला किती वेळ लागेल, या प्रश्नाला बावीस वर्षं उत्तर नव्हतं. आजींची आई उत्तर मिळायच्या आधीच गेली.

१९७५ मध्ये लढाई संपली. पुढच्या दीड वर्षात तेराशेंहून अधिक पूल आणि सत्तावीस बोगदे दुरुस्त केले गेले, बरंचसं काम हातांनी, आणि ३१ डिसेंबर १९७६ रोजी दोन्ही टोकांहून पहिल्या गाड्या सुटल्या. त्या काळी गाडीला बहात्तर तास लागायचे. त्यानंतर काही महिन्यांत आजी वडिलांबरोबर या मार्गानं गेल्या. बाकं लाकडाची, खिडक्यांना काचा नाहीत, आणि प्रत्येक नव्या पुलावर गाडी चालत्या माणसाच्या वेगानं. वडील तिन्ही रात्री झोपले नाहीत. सायगॉनच्या फलाटावर एक तिशी ओलांडलेली बाई पुढे आली आणि बोलली, तेव्हा आजींना आधी खरंच वाटेना. ती दक्षिणेतल्या माणसांसारखी बोलत होती.

हे सांगून झाल्यावर आजींनी थर्मासमधला चहा तिघींना ओतला. मला आधी, पाहुणी म्हणून.

हुए आलं तेव्हा पाऊस लागला होता. गुयेन घराण्यानं १८०२ ते १९४५ इथून राज्य केलं, आणि या शहराची माणसं अजूनही हळू बोलतात, असं नात म्हणाली. फलाटावरून तिळाची आणि शेंगदाण्याची मऊ वडी विकत घेतली. संक्रांतीच्या वडीपेक्षा चिवट, गूळ कमी, पण तीळ तोच.

मग हाय वान. इतका वेळ सपाट चाललेला मार्ग लांग कोच्या खाऱ्या पाण्याच्या तलावाला वळसा घालून एकाएकी डोंगराच्या अंगावर चढतो. रस्ता वर घाटमाथ्यावरून, जवळपास पाचशे मीटर उंचीवरून जातो आणि २००५ पासून बोगद्यातूनही. रेल्वे मात्र खाली, समुद्राच्या बाजूनं कड्याला धरून वळत जाते. बोगदा, जंगल, पुन्हा बोगदा, आणि मधल्या उजेडात एकदम खाली समुद्र. मधल्या पट्ट्यात माणूस पोहोचेल अशी वाटच नाही, फक्त रूळ. गाडी एवढी हळू चालते की खिडकीबाहेरच्या फर्नचं पान न् पान दिसतं, कड्यावरून ठिबकणारं पाणी दिसतं, आणि वळणावर आपलंच इंजिन पुढे वाकून जाताना दिसतं. डब्यातलं बोलणं थांबलं होतं. रोज जाणारे असावेत असे फेरीवालेही खिडकीशी उभे राहिले.

घाटाच्या अलीकडे पाऊस होता. पलीकडे उतरलो तर ऊन. हा डोंगर ईशान्येकडून येणारे थंड वारे अडवतो. उत्तरेला खरा हिवाळा आहे, माणसं कोट घालतात. दक्षिणेत फक्त पाऊस आणि उन्हाळा. आजींनी इथे अंगावरचा स्वेटर काढला आणि घडी करून पिशवीत तळाशी ठेवला.

हाय वान ही नुसती हवामानाची वेस नाही. १०१० साली ली थाय तो राजानं हनोईला राजधानी आणली तेव्हा व्हिएतनामी राज्य तांबड्या नदीच्या खोऱ्यात आणि खालच्या थोड्या किनाऱ्यावर होतं. त्याच्या दक्षिणेला चंपा होती: शिवाची देवळं बांधणारी, संस्कृतात शिलालेख कोरणारी चाम लोकांची राज्यं. १३०६ मध्ये चाम राजा तिसरा जय सिंहवर्मन यानं व्हिएतनामी राजकन्या हुएन त्रान हिच्याशी लग्न केलं आणि बदल्यात दोन प्रांत दिले. सीमा हाय वानपाशी आली. १४७१ मध्ये चामांची विजय ही राजधानी पडली. १६९८ मध्ये सायगॉनच्या भागात व्हिएतनामी कारभार सुरू झाला. म्हणजे हनोईच्या माणसांना सायगॉनला पोहोचायला ६८८ वर्षं लागली. शाळेच्या पुस्तकांत हा प्रवास अभिमानानं सांगतात, नातीनंही तसाच सांगितला. तो अभिमान मला कळतो. अटकेपार म्हणताना आपलीही छाती फुगते. पण ज्यांच्या जमिनीवरून हा प्रवास झाला त्यांची स्टेशनं या मार्गावर एकेक करून येत जातात, आणि ती मोजल्याशिवाय हे अंतर पुरं मोजलं असं मला म्हणवत नाही.

दानांगला मार्ग खुंटतो. इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावतात आणि गाडी आल्या दिशेनं बाहेर पडते. तिथून थोड्याच वेळात त्रा किएऊ नावाचं साधं स्टेशन लागतं. दोन फलाट, केळी, वाळत घातलेला भात. हे चामांचं सिंहपूर. इथून आत डोंगरात मी सोन, भद्रेश्वराचं क्षेत्र, जिथली देवळं १९६९ च्या बॉम्बहल्ल्यात ढासळली. भारताच्या पुरातत्त्व खात्यानं तिथे काही वर्षं डागडुजीचं काम केलं आणि २०२० मध्ये खोदताना नवव्या शतकातलं वालुकाश्माचं अखंड शिवलिंग मिळालं. नातीला हे माहीत नव्हतं. तिनं खिडकीबाहेर नीट बघायला सुरुवात केली.

दुपारचं जेवण ढकलगाडीवरून आलं. भात, कोबीचं पातळ सूप, अंडं, तळलेलं मांस. खायला सुरुवात करण्याआधी नातीनं काड्या हातात धरून आधी आजींना, मग मला जेवायला बसायची विनंती केली. आजींनी मान हलवल्यावरच तिनं पहिला घास घेतला. उत्तरेतल्या घरांत ही रीत कडक आहे. सगळ्यांत धाकट्यानं वडीलधाऱ्यांना वयाच्या क्रमानं एकेकाला जेवायला बोलवायचं, सगळे समोर बसलेले असले तरी. आपल्या पंगतीत यजमान म्हणतो, सावकाश होऊ द्या. इथे ते म्हणायचं काम पोरांचं.

दिएऊ त्रीला, जुन्या विजयच्या मुलखात, ऊन कलतं झालं. नंतर मार्ग पुन्हा समुद्राला भिडतो. देओ काच्या खिंडीजवळ हाओ सोन नावाचं ठिकाण आहे. २ सप्टेंबर १९३६ रोजी उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून आलेले रूळ इथे जोडले गेले आणि त्याची फ्रेंच पाटी बसवली गेली. अंधार पडल्यामुळे काही दिसलं नाही, पण आजींना जागा ठाऊक होती. आता खालच्या अर्ध्यात आलो, म्हणाल्या.

रात्री थाप चाम. स्टेशनाजवळच्या टेकडीवर पो क्लोंग गारायचं विटांचं देऊळ आहे. मागच्या खेपेला मी ते दिवसा पाहिलं होतं. ज्यानं दोन प्रांत देऊन राजकन्या आणली त्याच जय सिंहवर्मनच्या काळात ते बांधलं गेलं. दारावर नाचणारा शिव. गाभाऱ्यात मुखलिंग. चाम पुजारी काते सणाला त्याला न्हाऊ घालतात, कपडे चढवतात, डोक्याला पागोटं बांधतात. मी उभी होते तेव्हा एक म्हातारी चाम बाई आत जाऊन केळी ठेवून आली आणि बाहेर येऊन पायरीवर पान खात बसली. हा मुलूख म्हणजे फान रांग, चामांचं पांडुरंग. चामांचं हे शेवटचं राज्य १८३२ पर्यंत टिकलं. नावाचा उच्चार करताच माझ्या मनात पंढरपूर आलं, ते येणारच. पण इथला पांडुरंग ही शिवभक्तांची भूमी होती आणि तिची माणसं आजही इथेच शेती करतात, मेंढ्या राखतात. मी नातीला त्या म्हातारीबद्दल सांगितलं. तिनं ते आजींना सांगितलं. आजी म्हणाल्या, म्हणजे त्या बाईचं घर हललंच नाही, देश हलला.

मध्यरात्रीनंतर खिडकी एकदम उजळली. मला वाटलं एखादं शहर आलं. मैलोगणती शेतं होती ती, ड्रॅगन फळाची, आणि प्रत्येक झाडावर एकेक दिवा. रात्र लहान झाली असं झाडाला वाटावं आणि हंगाम नसतानाही ते फुलावं, म्हणून बिन्ह थुआनचे शेतकरी असे दिवे लावतात. रोपांच्या ओळी, दिव्यांच्या ओळी, मधून एक माणूस सायकल हातात धरून चाललेला. उत्तरेत आपण शेतात थडगी बघितली, इथे शेतात वीज. दक्षिण सुरू झाली हे मला तिथे कळलं.

पहाटे सायगॉन. फलाटावर थोरली बहीण उभी होती, ऐंशी पार केलेली, काठी टेकत. दोघी एकमेकींच्या गळ्यात वगैरे पडल्या नाहीत. थोरलीनं धाकटीचा दंड चाचपून पाहिला आणि बारीक झालीस म्हणाली. मग पुडकं घेतलं, पानाची एक कड उचलून वास घेतला, एक चिमूट तोंडात टाकली आणि तिथंच चावत उभी राहिली. थोडे कडक झालेत, म्हणाली, पण व्होंगचेच आहेत. मला दुसऱ्या दिवशी जेवायला यायचं फर्मान निघालं.

सायगॉनची सकाळ हनोईपेक्षा मोठ्या आवाजात होते. फुटपाथवर काळी कॉफी आटवलेल्या दुधावर थेंबाथेंबानं पडत असते आणि मग तिच्यावर मूठभर बर्फ. शेजारी कोम ताम, म्हणजे तांदळाच्या कण्यांचा भात. एके काळी गरिबांनी खायचा, आता सगळ्या शहराची न्याहारी. कण्यांवर भाजलेलं मांस, अंडं, कांद्याच्या पातीचं तेल. इथे फो मागवलं तर वाडग्याबरोबर एक ताट येतं आणि त्यात मोड आलेले मूग, तुळस, लिंबू, मिरच्या, गोडसर दाट सॉस असा सगळा बाजार मांडलेला. ज्याला जे हवं ते त्यानं घालावं. रस्साही गोडसर. हनोईची बाई हे पाहून काय म्हणाली असती कोण जाणे. मला मात्र दोन्ही पटलं. तिथे रांधणाऱ्यावर विश्वास, इथे खाणाऱ्यावर.

थोरलीचं घर ओंग ता भागात. १९५४ साली उत्तरेतून आलेली कॅथलिक मंडळी इथे वसली. जेवायला आठ-दहा माणसं चटईवर बसली. सगळ्यांत लहान मुलानं थोरलीपासून सुरुवात करून प्रत्येकाला जेवायला बोलवलं, मलाही. सत्तर वर्षं दक्षिणेत राहून थोरलीनं ही रीत सोडलेली नाही. जावई मेकाँगच्या बेन त्रेचा. त्यानं तोवर अर्धं वाडगं संपवलं होतं आणि कुणी त्याला काही म्हटलं नाही. मधे मोठ्या भांड्यात आंबट कालवण, दक्षिणेतलं. चिंचेचा कोळ, मासा, अननस, टोमॅटो, भेंडी आणि अळूचे देठ. चिंच आणि अळू बघून मी म्हटलं, हे तर आमचंच. थोरलीनं मला दुसऱ्यांदा वाढलं.

बोलणं नव्या वेगवान रेल्वेवर आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेनं तिला मंजुरी दिली. १५४१ किलोमीटर, ताशी ३५० किलोमीटरचा वेग. झाली की हनोई-सायगॉन सहा तासांच्या आत येईल. नात खूश होती. जावई म्हणाला, पाचसहा तासांत सासू दर रविवारी हजर. धाकट्या आजींनी विचारलं, ती गाडी हाय वानला समुद्राकडून जाईल का? कुणालाच माहीत नव्हतं. बोगद्यातून जाईल, नातीला वाटलं. मग मी हीच पकडेन, आजी म्हणाल्या. बावीस वर्षं बंद असलेला रस्ता ज्यानं उघडताना बघितला तो माणूस त्याच्यावरून हळू जातो, आणि त्याला तो हक्क आहे.

परतीची तयारी थोरलीनं त्याच दुपारी काढली. इकडे आंबा थोडाफार वर्षभर मिळतो. तिच्यापुढे एक टोपली होती आणि एकेक आंबा देठाशी अंगठ्यानं दाबून ती दोन ढीग करत होती. हा हनोईत उतरशील त्या दिवशी खा. हा त्याच्या दुसऱ्या दिवशी. हा पिकलाय, हा आत्ताच कापू. नात म्हणाली, विमानानं गेलो तर पिकलेलेही नेता येतील. थोरलीनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तिचा सगळा हिशोब तेहतीस-चौतीस तासांचा होता. मी सांगितलं की आमच्याकडे पाडाला लागलेले आंबे काढतात, गवतात अढी घालतात, आणि दूरच्या गावी पाठवायचे असले की त्यांतले कच्चे निवडतात. गवत कुठलं, भाताचं? तिनं विचारलं. भाताचंही चालतं, म्हटलं. कोमच्या पुडक्याची काडी तेवढी घरात होती आणि ती पुरणारी नव्हती. तिनं धाकट्या नातवाला हाक मारली आणि बाजारातल्या अंडीवाल्याकडून टोपलीतलं गवत मागून आणायला पिटाळलं.